घास त्यांचा, दोष माझा

मी एक जुनी भट्टी आहे आणि मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. एका धुलाईघरात चादरींचं पाणी उकळण्यात माझा जन्म गेला. गवंड्यानं मला उभी केली, तेव्हा घरच्या थोरल्या सुनेनं कौतुकानं माझ्या विटांवर थाप मारली होती. तेवढंच काय ते कौतुक!

मला जळण घालायचं काम धाकट्या जावेचं. जळण म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या. त्या थोरली स्वतः शेडमधल्या यंत्रावर पाडायची. सुताराकडचा लाकडाचा भुसा होता, तोवर माझं झकास चाललं होतं. ज्योत लांब, राख चिमूटभर.

मग तो भुसा मिळेना. थोरली भाताचं तूस आणि पेंढा दाबू लागली. तिची परीक्षा एकच. कांडी फरशीवर आपटायची, फुटली नाही की झाली पास! अहो, दणकट असली म्हणजे नीट जळते का? तुसात मुळात राखच फार. त्यात पेंढ्यातल्या क्षारांनी ती वितळायची आणि माझ्या जाळीवर दगडासारखा खंगर धरायचा. खालून हवा येईना. मी घुसमटले, धूर ओकू लागले. पाणी कोमट, चादरी कळकट.

"झोपा काढतेस का गं भट्टीपुढे?" थोरली कडाडली. "उद्यापासून सासूबाईंजवळ इस्त्रीला बस. इथे मी दुसरी बाई लावते."

सासूबाईंजवळ दिवसभर! त्यापेक्षा धाकटीला माझा धूर परवडला.

"जाऊबाई, तुमच्या कांड्यांत..."

"माझ्या कांड्यांना नावं ठेवायची नाहीत! आपटून बघ, फुटते का ते!"

धाकटीच्या खोऱ्यावर नुकताच खरवडलेला खंगर होता. दाखव गं, मी मनात ओरडले, दाखव तिला! तिनं तो गुपचूप राखेच्या ढिगात सारला.

"भट्टीच गेली, जाऊबाई. दम नाही राहिला तिच्यात."

"तरीच म्हटलं!"

उभ्या जन्मात दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या जिवावर. थोरलीचा राग मला कळतो. धाकटीला मात्र मी कधीच माफ करणार नाही.

आता गवंडी माझ्या विटा उतरवतोय. मघाशी धाकटी त्याला चहा देऊन गेली, माझ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. नवी भट्टी येईल, तिलाही तूसच चारतील, तीही धूर ओकेल. मित्रांनो, तुमची कीव मला नको. फक्त कुणाच्या तोंडाला नावं ठेवण्याआधी त्यात कोणी काय कोंबलंय, तेवढं बघत जा.