उघडा गाल मागणारा मुखवटा

मित्रांनो, कत्तलखान्याच्या यंत्रघराबाहेर खुंटीला टांगलेला हा काळा रबरी चेहरा म्हणजे मी. विषारी वायूत माणसाचा श्वास राखणारा मुखवटा. माझ्या काचेवर चरे आहेत आणि एक पट्टा तुटलेला आहे. तो कसा तुटला, ते सांगतो.

साच्यातून निघालो तेव्हा मी लोण्यासारखा मऊ होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या या गावात आलो आणि पहिल्याच दिवशी रक्ताचा वास अंगाला चिकटला. भिंतीपलीकडे दिवसभर गुरे कोसळत, साखळीला टांगली जात, करवत त्यांच्या हाडांतून फिरे. ते मांस गार ठेवणारा अमोनिया यंत्रघरातल्या नळांतून धावत असे. हा वायू सुटला, की माणसाच्या अंगातला ओलावा हुंगत जातो. डोळे, घसा, छाती. जिथे ओल सापडेल तिथे जाळतो.

मी वेन्डेलचा. यंत्रघर सांभाळणारा आडदांड माणूस, पण मला हातात घ्यायचा तो तान्ह्या मुलासारखा. दर वर्षी ग्लेनिसबाई तपासणीचे यंत्र घेऊन येत. मला त्याच्या तोंडावर चढवून नळी जोडत, त्याला मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला लावत. बाहेरची हवा आत झिरपते का, ते यंत्र सांगे. आम्ही कधीच नापास झालो नाही. "जोडी जमली आहे तुमची," असे बाई म्हणायच्या, तेव्हा मला किती बरे वाटे!

मग त्या वर्षी गावचा रग्बीचा संघ बाद फेरीत पोचला. आमच्याकडे रीत अशी, की संघ खेळतोय तोवर गड्यांनी दाढी करायची नाही. वस्तरा लावला, की संघ हरलाच म्हणून समजा. कारखानाभर दाढ्या वाढल्या. वेन्डेल तर तरुणपणी त्याच संघातून खेळलेला. त्याचा नवस सगळ्यांत कडक. ग्लेनिसबाईंनी त्याला यंत्रासमोर उभेच केले नाही. दाढी काढून या, म्हणाल्या. तो म्हणाला, रविवारी सामना झाला की येतो.

एकट्या इओसेफाचे गाल गुळगुळीत होते. तो सामोआचा, देवभोळा, मंद आवाजात बोलणारा. यंत्रघरात कोणी शिरले, की हवेचे नळकांडे पाठीला बांधून, मुखवटा चढवून, गरज पडली तर आत धावायला दारात उभे राहायचे काम त्याचे. चहाच्या सुट्टीत सगळे त्याला छळत. संघ हरला तर तुझ्या वस्तऱ्यानेच तुझी सालं काढू, म्हणत. गुरुवारी तो वेन्डेलला हळूच म्हणाला, "दादा, केसांवर रबर बसत नाही. तेवढे गाल तरी मोकळे कर."

वेन्डेलने उठून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. इओसेफाचा ओठ फाटला, रक्त बशीत सांडले. कोणी मध्ये पडले नाही. मुकादम ब्रॅम हसून म्हणाला, "चला, सराव झाला!"

शुक्रवारी यंत्रातले जुने तेल काढायचे होते. इओसेफाने दारातच वेन्डेलला अडवले. ब्रॅमने त्याला बाजूला ढकलले. वेन्डेलला म्हणाला, "पट्टे आवळ आणि हो पुढे. म्हाताऱ्या बायका आहात का रे?"

वेन्डेलने पट्टे इतके आवळले, की माझे रबर कण्हले. मी त्याच्या गालांना भिडायची शर्थ केली. पण प्रत्येक केस मला उचलून धरत होता.

आधी दाट काळे तेल ठिबकले, मग थांबले. नळीत गाळ अडकला होता. वेन्डेलने झडप आणखी उघडली. गाळ गोळीसारखा सुटला आणि मागून अमोनियाचा पांढरा फवारा त्याच्या छातीवर आदळला.

वायू दाढीतून आत घुसला. मित्रांनो, मी त्याच्या डोळ्यांना चिकटून होतो आणि मला काहीच करता आले नाही. तो ओरडला, त्या ओरडण्यानेच आणखी विष आत ओढले गेले. त्याने मला दोन्ही हातांनी ओरबाडले, पट्टा तोडला, फरशीवर फेकले.

इओसेफा धावत आत आला. आंधळ्या झालेल्या वेन्डेलने त्यालाच लाथाबुक्क्यांनी तुडवले. त्या झटापटीत इओसेफाचा उजवा हातमोजा निघाला. फवारा चालूच होता. त्याने उघड्या हाताने त्या फवाऱ्यात झडप धरली आणि फिरवून बंद केली. कातडी गोठून लोखंडाला चिकटली. त्याने हिसका देऊन हात सोडवला, तेव्हा कातडी तिथेच राहिली. मग डाव्या हाताने वेन्डेलच्या जबड्यावर असा तडाखा दिला, की तो गप्प पडला. गचांडी धरून त्याला फरफटत बाहेर नेले.

इस्पितळात घशात घातलेली नळी चिकटपट्टीने बसवण्यासाठी परिचारिकेने वेन्डेलची दाढी साफ उतरवली. तरी रविवारी संघ जिंकला. गाव नाचत होते, तेव्हा वेन्डेल रक्त थुंकत होता. त्याचा एक डोळा गेला, आवाज खरखरीत फुसफुस होऊन राहिला. ब्रॅमची नोकरी गेली. इओसेफाच्या उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली.

मित्रांनो, नवसाला मी हसत नाही. ज्याने नेम धरला, त्याने तो पाळावा. पण आपल्या नेमाचे मोल दुसऱ्याच्या हातून वसूल होऊ नये.

इओसेफाने काम सोडले नाही. पण डाव्या हाताने त्याला वस्तरा धरता येईना. गालावर खुंट राहत, आणि खुंट राहिले तर दारात उभे राहता येत नाही. एका सकाळी वेन्डेल साबण आणि वस्तरा घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला.

इओसेफाने त्याच्या एका डोळ्याकडे पाहिले. "दादा, तुला दिसतंय ना नीट? गळा तेवढा सांभाळ."

"हलू नकोस," वेन्डेल फुसफुसला.

तेव्हापासून रोज कामाच्या आधी, माझ्या खुंटीखालच्या बाकावर, तो इओसेफाची दाढी करतो. शेवटी बोटांनी गाल चाचपून पाहतो, एखादा केस राहिला तर पुन्हा वस्तरा फिरवतो. मला आता कोणी घालत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी अशा कामावर जात असेल, तर निघताना त्याच्या गालावरून एकदा हात फिरवा.