दोन पिवळ्या टोप्या

बेसिनच्या कडेवर धाकट्याचा ब्रश आडवा ठेवलेला होता आणि त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट आधीच लावलेली होती — मधोमध, नीट, कुठे ओघळ नाही की फराटा नाही. आईनं ब्रश उचलला. हे काम मोठीचं. सात वर्षांची ही मुलगी स्वतःचे दात घासते तेव्हा आरशापर्यंत शिंतोडे उडतात, काल सकाळपर्यंत तरी उडत होते, आणि आज बेसिन पुसलेलं, बाकीचे तीन ब्रश पेल्यात उभे केलेले, नळ घट्ट बंद... हिला कुणी सांगितलं हे करायला? कुणी नाही. कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती आरशात न बघता तशीच उभी राहिली. भाड्याच्या खोलीतला आरसा तसाही नको तिथे लावलेला असतो, मान वाकवल्याशिवाय तोंड दिसत नाही, आणि आज तिला मान वाकवायची नव्हती.

“भुंग्या, चल, दात,” बाहेरून मोठीचा आवाज आला. धाकटा साडेतीन वर्षांचा. खेळताना सारखा गुणगुणत असतो म्हणून भुंगा. आणि तो मोठीला ताई म्हणतो म्हणून सगळं घरच तिला ताई म्हणतं, आईबापसुद्धा. ताई दारात आली ती भुंग्याला मनगटाशी धरून. बोटं नव्हे, मनगट... बोटं सुटतात.

“आई, मी घासते त्याचे. तू बस.”

तू बस! काल बसलेच होते की मी. बसण्याचीच तर सगळी गोष्ट आहे.

काल अकराच्या सुमाराला नवरा समुद्रात पोहायला लांबवर गेला होता आणि पोरं ओल्या वाळूत खड्डा खणत होती. दोघांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या — ही तिची युक्ती. अकरा वर्षं ती बालवाडीत बाई आहे. सहलीला निघताना चोवीस पोरांना चोवीस पिवळ्या टोप्या घालायच्या आणि दर पाच मिनिटांनी मोजायच्या, नव्या बायांना ती हेच शिकवते — पोरं एका जागी ठरत नाहीत गं, चेहरे बघत बसशील तर दुपार होईल, टोप्या मोज. बसथांब्याजवळच्या ढिगातून तिनं घरच्यांसाठी दोन घेतल्या तेव्हा नवरा हसला होता, “आपण सुट्टीला आलोय की तुझ्या शाळेच्या सहलीला?” त्याच ढिगातून आणखी दहा आयांनी दहा टोप्या घेतल्या असतील हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. तर पोरं खणत होती, आणि ती उठली. वाळू झटकली आणि चालू लागली, शंभरेक पावलं, त्या काळ्या खडकापर्यंत, आणि पाठ करून बसली. ताईला काही म्हणाली नाही. का नाही म्हणाली? कारण म्हटलं असतं तर ताईनं विचारलं असतं कुठे चाललीस, किती वेळ, मी येऊ का... आणि तिला दहा मिनिटं कुणाची आई व्हायचं नव्हतं, कुणाची बायको नाही, कुणाची बाई नाही. नुसतं बसायचं होतं. आणि बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं, इतकं की पोटात हसू आलं. मध्ये एकदा मान वळवून पाहिलं : पाण्याच्या कडेला दोन पिवळ्या टोप्या. दोन म्हणजे दोन. हिशेब जमला. पुन्हा पाठ केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं!

दोन्ही टोप्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

पुढचं तिला सलग आठवत नाही. नवऱ्याचं ओलं अंग, “भुंगा कुठंय?”, जीवरक्षकाची शिटी, आणि पाणी — एकाएकी सगळीकडे नुसतं पाणीच दिसायला लागलं. पंचवीस मिनिटं. पाचावर धारण बसणं तिनं पोरांना वाक्यात उपयोग करायला शिकवलं नाही, बालवाडीत ते नसतं, पण काल आख्खं समजलं. मग खुर्च्या-छत्र्या भाड्यानं देणाऱ्या बाई त्याला हाताला धरून घेऊन आल्या. रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागे सावलीत बसून गुणगुणत होता म्हणे, टोपीत वाळू भरत. तिचा जीव भांड्यात पडला. पडला आणि... तिथंच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नवरा वळला, ओठ पांढरे झालेले, आजूबाजूला आठदहा माणसं, आणि त्यानं विचारलं, “तू कुठे होतीस?”

“मी ताईला सांगून गेले होते. लक्ष ठेव म्हटलं होतं.”

एवढंच. अडखळली नाही, विचार केला नाही. जणू वाक्य तिथं तयारच होतं, खिशात हात घातला आणि किल्ली निघाली.

नवरा ताईसमोर उकिडवा बसला. ओरडला नाही, तो ओरडणारा नाही. “ताई, आईनं सांगितलं होतं ना? मग? एवढं साधं काम, बाळा?” आणि ताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार असती तर तिला सोसलं असतं... तक्रार नव्हती. वर्गात गैरहजर असताना शिकवलेलं काही विचारलं की पोरं बघतात तसं, आठवायचा प्रयत्न करत बघितलं. मग खाली मान घालून “हो” म्हणाली. संध्याकाळी आइस्क्रीम घ्यायला गेले तेव्हा ताईला नको होतं. घसा दुखतो म्हणाली. रात्रीत दुखायचा थांबला.

खालच्या जेवणघरात नाश्त्याला ब्रेड, अंडी आणि कोमट दूध. नवरा आज मुद्दाम मऊ बोलत होता. त्यानं ताईच्या ब्रेडला लोणी लावून दिलं, केस विस्कटले. “झालं गेलं ना? आता तोंड पाडून बसायचं नाही. चूक कबूल केलीस, त्यालाच शहाणपण म्हणतात.” ताईनं मान हलवली आणि भुंग्याचा पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. ती समोर बसून ब्रेडच्या कडांचे तुकडे करत राहिली. माझ्या वर्गात एक नियम आहे, मोठ्या तोऱ्यात पालकसभेत सांगते मी तो : दूध कुणीही सांडू दे, सांडणाऱ्यानं हात वर करायचा, कुणी रागावणार नाही. आणि चार वर्षांची पोरं करतात हात वर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... हात वर करायला कितीसं बळ लागतं? तिचा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला.

“काय गं, डोकं दुखतंय?” नवऱ्यानं विचारलं.

“झोप नाही झाली नीट.”

“अगं, होतं असं. मीही लांबच होतो की. पण तू निदान सांगून तरी गेली होतीस.”

हे तर फारच झालं. शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं रे.

दुपारी निघायचं होतं, तोवर पुन्हा समुद्र. नवरा भुंग्याला खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला आणि ताई कडेला उभी राहिली, घोटाभर पाण्यात, पुढे नाही, मागे नाही. काल हीच पोरगी लाटेला पाठ देऊन आपटून घेत होती, नाकातोंडात पाणी जाऊन खिदळत होती. खुर्च्यावाल्या बाई पावती फाडत आईशी बोलायला थांबल्या — रापलेल्या, खणखणीत आवाजाच्या, कुणाचीही मावशी शोभतील अशा.

“सांभाळा हो त्या शहाण्याला! माझ्या खुर्च्यांत घर केलं होतं त्यानं. आणि तुमची ती मोठी — फार गुणाची हो. माझ्याकडे आली होती, रडवेली. म्हणाली, माझी आई दिसली का तुम्हाला? आत्ता इथं होती. मी म्हटलं, अगं असेल इथंच, आया कुठे जातात! तेवढ्यात तो धाकटा आला वाटतं तिच्यामागून नि शिरला खुर्च्यांत.”

तिनं पटकन पाण्याकडे पाहिलं. नवरा लांब होता, भुंग्याला उडवत होता, त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! आधी ती सुटका, आणि मग उशिरानं, पाय भाजल्याचं चार पावलं गेल्यावर कळावं तसं, बाकीचं कळलं... ताई मला शोधत होती. पोरगी खड्डा खणता खणता मान वर करते, आई नाही. भावाला सोडून जाते ती खेळायला नव्हे, आई शोधायला. म्हणजे हरवलं होतं ते कोण? बाई पुढे काही बोलत होत्या, छत्री हवी का वगैरे. तिनं हो म्हटलं, नाही म्हटलं, काहीतरी म्हटलं.

मग ती गेली ताईजवळ. आत्ताच, नाहीतर कधीच नाही. गाडीत बसलं की हे सगळं “त्या सुट्टीत काय झालं होतं” असं होऊन जाईल, पुढच्या वर्षी पाहुण्यांना हसत सांगितलं जाईल — आमची ताई आणि तिचं लक्ष! — आणि ताईही हसेल. तिनं तिला पाण्यातून बाहेर घेतलं, कोरड्या वाळूवर बसवलं, समोर बसली.

“ताई, काल मी तुला काही सांगून गेले नव्हते.”

ताईनं भुवया जवळ घेतल्या. “सांगितलं होतंस.”

“नाही, बाळा. मी नुसती उठून गेले. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी. मी बाबांना खोटं सांगितलं.”

“नाही,” ताई म्हणाली. “तू म्हणालीस, ताई, मी जरा येते, भुंग्याकडे बघ. मी खणत होते. मी वर न बघता हो म्हटलं. मला आठवतंय.”

वर न बघता! एका रात्रीत पोरीनं एवढं सगळं उभं केलं, मी न बोललेले शब्द, तिनं न दिलेला होकार, त्यात वर न बघण्याचा गुन्हासुद्धा. तिच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याच्या आत — हे कबूल करायला हवं, निदान इथं, आतल्या आत तरी — एक हलकंसं बरं वाटणं होतं, खडकावर वाटलं होतं तसलंच. पोरगीच म्हणतेय ना सांगितलं होतंस? मग... शी! काय बाई आहे मी.

“आठवून बघ नीट. तू त्या खुर्च्यावाल्या मावशींना विचारलंस ना, आई दिसली का? मी सांगून गेले असते तर तू शोधलं असतंस का मला?”

ताईनं खरंच आठवून बघितलं. वाळूत बोट रुतवून, प्रामाणिकपणे, वेळ घेऊन. “मी विसरले असेन,” ती म्हणाली. “तू सांगितलेलं विसरले, म्हणून शोधलं.”

“अगं नाही गं राणी, ऐक माझं—”

“तू शाळेतल्या आवाजात बोलतेयस, आई.”

“कुठल्या?”

“शाळेतल्या. कुणी रडत असलं की तू बोलतेस ना. मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस.”

दोन वर्षं ताई तिच्याच वर्गात होती. दोन वर्षं पुढच्या सतरंजीवर बसून तिनं तो आवाज ऐकला होता — तुझी आई निघालीच आहे हं, या वळणावर आलीय बघ... पडलास कुठे तू, ही मेली फरशीच मध्ये आली, हत् गं फरशी... दुखत नाही आता, गेलं की नाही भुर्र? किती गोड लागायचं सगळ्यांना. आणि ताई घरी येऊन विचारायची, आई, त्याची आई खरंच वळणावर होती? आणि मी हसायचे, नाही गं वेडे, पण तो गप्प बसला ना?

तिनं घसा खाकरला. दुसरा आवाज असेल ना कुठलातरी. नवऱ्याशी बोलते तो घेतला, तो कोरडा निघाला, तक्रारीसारखा. आईचा म्हणून जो असतो तो घेतला, त्यात “चल, टॉवेल घे” यापलीकडे काही मावत नव्हतं. काल दहा माणसांसमोर जो निघाला होता तो मात्र कसा पहिल्या झटक्यात सगळ्यांना पटला होता, नवऱ्याला, त्या माणसांना... आणि ताईला. सकाळपासून मला धास्ती होती ती कुणाला कळेल याची. आता खांदे ओले करून, भुंग्याला काखोटीला मारून नवरा पाण्यातून इकडे येत होता, आणि मघाशी खुर्च्यावाल्या बाई बोलत होत्या तेव्हा तो जवळ असायला हवा होता, त्यानं शब्द न् शब्द ऐकायला हवा होता, असं तिला मनापासून वाटलं.

“ताई, इकडे बघ माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं — तोच आवाज, मधात बुडवलेला.

ताईनं शहाण्या मुलीसारखं तिच्याकडे पाहिलं. मग बाबांनी भुंग्याला वाळूवर उतरवलं तशी तिची नजर तिकडे गेली आणि तिकडेच राहिली.

“बोल ना, आई. मी त्याच्याकडे बघत ऐकते.”