मिटता डोळा

त्या मूर्तींच्या कारखान्यात बुद्धाला कोणी बुद्ध म्हणत नसे. म्हणत, ‘शांती’. दिव्याची शांती, कारंज्याची शांती, डोक्यात चीर असलेली गल्ल्याची शांती, मांडीवर मोबाईल ठेवायला खाच असलेली शांती. साच्यातून काढताना कान तुटला की साचेवाला ओरडायचा, “एक शांती गेली!” पलीकडून पॅकिंगवाली हात न थांबवता म्हणायची, “माझी तर लग्नाच्या दिवशीच गेली.” खोक्यावर मालकांनी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं : ‘शांती. फुटल्यास बदलून मिळणार नाही.’ यात हसण्यासारखं काही आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आत शिरायचं तर वाकावं लागे. ओल्या रंगावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून शटर दिवसभर अर्धं खाली असे. खिडकीच्या काचाही याच कारणासाठी रंगवून टाकलेल्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, ते जेवणाच्या सुट्टीतच कळायचं. सगळ्यात आत, ट्यूबलाईटच्या बरोबर खाली, डोळ्यांचं टेबल. तिथे मावशी बसायची. एकोणीस वर्षं बसत होती.

ती सगळ्यांचीच मावशी. मालकांचीसुद्धा. वाळून पांढऱ्या झालेल्या, पॉलिश पेपरने घासलेल्या, अस्तर आणि सोनेरी रंग चढलेल्या त्या मूर्ती रांगेने तिच्यापुढे यायच्या, सगळ्या आंधळ्या. मावशी रोज पहिल्या मूर्तीला हात जोडायची, मग अंबाड्यात खोचलेला तीन केसांचा ब्रश काढायची.

आता तिचं काम काय, ते ऐका. उघडा डोळा कोणीही काढील. मिटलेला डोळा तर त्याहून सोपा, एक बाक दिला की झालं. पण या मूर्तीला लागतो तो मिटता डोळा. उघडा नाही, मिटलेलाही नाही. मिटत चाललाय आणि मिटत नाही. वरच्या पापणीची रेघ नाकापासून निघते, खाली झुकते आणि शेवटी, अगदी शेवटी, तांदळाएवढी वर उचलली जाते. ती उचल चुकली तर मूर्ती झोपलेली दिसते. जास्त झाली तर लबाड दिसते. मावशी ती रेघ श्वास सोडता सोडता काढायची. एक श्वास, एक डोळा. आणि दुसऱ्या डोळ्याची रेघ पुरी झाली की प्लास्टरचा तो गोळा कोणीतरी व्हायचा. दिवसातून दीडशे वेळा ती हे बघायची आणि दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी.

एकदा चपलांच्या दुकानात तिने तिचाच एक बुद्ध पाहिला होता. आरशाखाली ठेवलेला, आणि बूट घालायची पट्टी त्याच्या कानाला अडकवलेली. तिने पट्टी काढून खाली ठेवली. दुकानदाराने उचलून परत कानाला अडकवली. “तिथंच सापडते ती आम्हाला, काकू.” मावशी डोळे बरोबर आलेत की नाही, तेवढं बघूनच बाहेर पडली.

तर अशी ही मावशी. आणि तिची एकुलती एक लेक, एक दिवस नि एक रात्र प्रवासाच्या अंतरावर, सातव्या मजल्यावर एकटी. जावई बोटीवर. लेकीला आठवा सरून नववा लागला होता आणि डॉक्टरांनी वीस तारीख सांगितली होती.

ही दुसरी खेप. पहिल्या वेळी मावशी उद्या निघते, परवा निघते म्हणता म्हणता राहिली. बाळ आलं, दोन दिवस राहिलं आणि गेलं. लेक रिकाम्या हातांनी घरी परतली तेव्हा दार उघडायला आत कोणी नव्हतं. मावशी पोहोचली ती पाचव्या दिवशी. “मालक सोडतच नाहीत गं,” म्हणाली. लेकीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मालकांना मनसोक्त शिव्या दिल्या. त्या शिव्या मावशीने ऐकून घेतल्या.

या वेळी लेक रोज फोन करायची. “आई, येशील ना?”

“येणार म्हणजे येणार. नवा माणूस तयार होतोय. तो तयार झाला की मालक सोडतात.”

नवा माणूस म्हणजे शिडीवाला. पंचेचाळिशीचा, आडव्या अंगाचा, आयुष्यभर घरांची छतं रंगवलेला. शिडीवरून पडून कंबर गेली, तेव्हापासून उंचावर चढायची बंदी. मावशीने पहिल्या दिवशी तीन केसांचा ब्रश हातात दिला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

“मावशी, बाकीचा ब्रश कुठाय?”

“एवढाच असतो.”

“याने मी खोली रंगवायला घेतली असती, तर घरमालकाच्या नातवाच्या लग्नापर्यंत झाली असती.”

पण हात होता त्याचा. महिन्याभरात रेघ धरली. खोड एकच. छत रंगवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत वरून थेंब पडतात, म्हणून रेघ संपता संपता त्याचे डोळे आपोआप मिटायचे. इथे खाली बघून काम, वरून कसला थेंब पडतोय? पण पंचवीस वर्षांची सवय. ऐन उचलीच्या वेळी पापणी लवायची आणि रेघेचं शेपूट किंचित खाली पडायचं.

कारखान्याचा नियम असा : नव्या माणसाने चाळीसचा एक ट्रे काढायचा, मावशीने ‘पास’ म्हणायचं. मावशी म्हणाली की मालक डोळे झाकून माल भरणार. याआधी तिघं आली होती. एकीचे डोळे मावशीला लबाड वाटले, दुसरीचे रडके. तिसरा आठ महिने टिकला आणि शेवटच्या ट्रेवर मावशी “आणखी चार दिवस” म्हणाली तेव्हा ब्रश ठेवून निघून गेला.

शिडीवाल्याचा हा पाचवा ट्रे होता. सतरा तारीख. दुपारी चारची बस धरली तरच लेकीकडे अठराच्या रात्री पोहोचता येणार होतं.

मावशी एकेक मूर्ती ट्यूबलाईटखाली धरून बघत होती. छत्तीस झाल्या. सदतिसावीशी थांबली.

“शेपूट पडलंय.”

“किती?” शिडीवाला.

“दिसतंय मला.”

“मला नाही दिसत. तुला दिसतंय?” त्याने मूर्ती पॅकिंगवालीपुढे धरली.

पॅकिंगवालीने मान तिरकी करून पाहिलं. “आमच्या ह्यांच्यासारखा दिसतोय. ड्यूटीवरून आल्यावर चहाची वाट बघताना.” मग जरा थांबून म्हणाली, “चांगला वाटतो हो.”

“आणखी चार दिवस,” मावशी म्हणाली. तिने स्वतःचा ब्रश काढला, सदतिसावीचं शेपूट पुसलं आणि नव्या रेघेसाठी श्वास भरला.

तेवढ्यात मालकांच्या टेबलावरचा फोन वाजला. मालक साच्यात हात घालून उभे, कोपरापर्यंत प्लास्टर. त्यांनी कोपरानेच स्पीकरचं बटण दाबलं, आणि आवाज सगळ्या कारखान्यात घुमला.

“काका, मी तुमच्या डोळेवाल्या मावशींची मुलगी बोलतेय.”

मावशीचा हात मूर्तीवर तसाच राहिला.

“बोल बेटा, बोल. बरी आहेस ना?”

“काका, पाया पडते तुमच्या. या वेळी तरी आईला सोडा. मागच्या वेळी मी एकटी होते. मला खूप भीती वाटतेय. तुम्हाला चार दिवसांचं काम मोठं असेल, पण…” पुढे नुसताच श्वास ऐकू आला.

मालक गोंधळून इकडेतिकडे बघू लागले. “अगं, पण मी कुठे धरून ठेवलंय? मीच म्हणतोय, जा म्हणून. तीन माणसं दिली शिकायला, तिन्ही मला चालत होती. हिनेच नापास केली. आता हा चौथा. विचार तिला, मी कधी अडवलं?”

साचेवाल्याने पाण्याचा नळ बंद केला.

“कधीपासून म्हणताय तुम्ही जा म्हणून?” लेकीने विचारलं.

“कधीपासून म्हणजे?” मालक माणूस सरळ. “तुझ्या पहिल्या वेळेपासून, बेटा.”

फोन बंद झाल्याचा आवाज आला.

मावशीने भरलेला श्वास अजून आत धरला होता. तो तिने हळूहळू सोडला आणि सोडता सोडता रेघ पुरी केली. रेघ उत्तम आली होती. ती तिने पाहिली, आणि एकदम मूर्ती खाली ठेवून दोन्ही हात मांडीत दडवले, कोणाचं काही उचलताना पकडले गेल्यासारखे.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे वाकून बाहेर गेले. शिडीवाला तेवढा राहिला; त्याला वाकायला त्रास व्हायचा.

“मावशी, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“रागवायला तोंड कुठे उरलंय मला?”

“मी शिडीवरून पडलो, म्हणतात सगळे. ते तितकं खरं नाही. शिडी आधी हलली होती. उतरायला वेळ होता. पण छताच्या कडेची रेघ अर्धी झाली होती. म्हटलं, एवढी संपवू नि उतरू.” तो कंबर धरून स्टुलावर टेकला. “पुढच्या महिन्यात त्या लोकांनी खोलीचा रंगच बदलला.”

मावशी ट्रेकडे बघत म्हणाली, “मी खोटं बोलत नव्हते रे तिच्याशी. मला खरंच वाटायचं, मालक सोडत नाहीत. रोज सकाळी वाटायचं, आज सुटेन. मग एखादी मूर्ती हातात यायची, आणि वाटायचं, ही दुसऱ्याच्या हातात गेली तर बिचारी आंधळीच राहील.”

“हा बसलाय तो,” शिडीवाल्याने एका मूर्तीच्या डोक्यावर बोट ठेवलं, “घरदार, बायकोपोर, राज्य सोडून गेलेला. आणि त्याचे डोळे काढणाऱ्या बाईला तीन केस सोडवेनात. तो काही म्हणत नाही म्हणून बरं, मावशी.”

मावशीला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले आणि ट्रेमधले चाळीस चेहरे एकमेकांत मिसळून गेले. तिने पुसून पाहिलं. एकोणचाळीस शिडीवाल्याचे, एक तिचा. तिचा लगेच ओळखू येत होता. बाकीचे थोडे दमलेले. दिवसभर कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखे. वाईट नव्हते. हे तिला आज दिसलं की पहिल्या ट्रेपासून दिसत होतं, याचं उत्तर तिच्यापाशी होतं, आणि तेच तिला गिळवत नव्हतं.

सुट्टी संपून मालक आत आले तेव्हा ती उभी होती. “ट्रे पास आहे.”

“सगळा?”

“सगळा. आजपासून हा बसेल इथे.”

मालकांनी एकही मूर्ती उचलून पाहिली नाही. “बरं झालं,” म्हणाले आणि साच्याकडे वळले. एकोणीस वर्षांचं दार इतक्या सहज उघडलं की मावशीला ढकलायला काही उरलंच नाही.

पॅकिंगवाली खोक्यात थर्माकोल भरू लागली. शेवटच्या खोक्यात एक चेहरा वर राहिला होता. डावा डोळा. शेपूट पडलेलं. मावशीचा हात नकळत पुढे गेला.

“हात काढा मावशी. चिकटपट्टी तुमच्यावर बसेल आणि मालक तुम्हालाही पाठवून देतील.”

हात निघाला. पट्टी खर्रकन ओढली गेली. मावशी शटरखालून वाकून बाहेर पडली, आणि कितीतरी पावलं तशीच वाकून चालत राहिली.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. खिडकी जाम. तिने लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. डोकं मागे टेकलं तर काहीतरी टोचलं. अंबाड्यात ब्रश तसाच होता, न धुतलेला, तिन्ही केस काळ्या रंगाने एकत्र चिकटून वाळलेले. तिने तो मुठीत धरला. अंगठा गुडघ्यावर रेघ ओढू लागला. तिने मूठ दुसऱ्या हाताने दाबून धरली.

पाचव्यांदा फोन उचलला गेला.

“कुठे आहेस?” लेकीचा आवाज कोरडा.

“गाडीत.”

“मालकांनी सोडलं?”

“नाही गं,” मावशी म्हणाली. “त्यांनी कधी धरलंच नव्हतं.”

लेक म्हणाली, “मला तुझं खरं वाटत नाही. कंडक्टरला दे फोन.”

मावशीने मुकाट्याने फोन पुढे केला. कंडक्टरने तो कानाला लावला, एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा तिच्या वळलेल्या मुठीकडे.

“हो ताई, बसल्यात. खिडकीशीच,” तो म्हणाला. “नाही, नाही, उतरल्या नाहीत. पण गाडी अजून रेल्वे फाटकात अडकलीय. निघाली की सांगतो.”