बसच्या पाटीचे सात तुकडे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेतली नव्हे, बसच्या काचेत बसणारी. 'स्वारगेट – वाघोली' ही माझी अक्षरे. एके काळी ती एका ओळीत दिमाखाने उभी होती. आता माझे सात तुकडे झाले आहेत आणि ते चपलेच्या खोक्यात राहतात. हे कसे झाले ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मला दुसऱ्याचे कौतुक सोसत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा कडवटपणा आला तर सांभाळून घ्या.

डेपोतल्या रंगाऱ्याने मला काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांनी सजवले. उत्तरेश्वर नावाचे कंडक्टर फेरी संपली की मला फडक्याने पुसत. स्टॉपवरची माणसे लांबून आधी मला बघत, मग बसला. काही जण मात्र अगदी समोर उभे राहूनही विचारत, "मामा, ही कुठं जाती?" मागचे प्रवासी खेकसत, "समोर पाटी आहे, ती काय शोभेला लावलीय?" उत्तरेश्वर कधी खेकसले नाहीत. "वाघोली, बसा," एवढेच म्हणत. डोळे असून वाचता न येणारी माणसे त्यांना आवाजावरून ओळखू येत.

मग नव्या बसगाड्या आल्या. त्यांच्या कपाळावर विजेची लाल अक्षरे पळत असायची. क्षणात मराठी, क्षणात इंग्रजी. लोक माना वर करून त्यांनाच बघू लागले. मी काचेत होते तरी कुणाचे लक्ष नसे. त्या लाल अक्षरांचा मला इतका राग यायचा की ती बंद पडली की माझा दिवस चांगला जाई. शेवटी मला काढून भंगारात टाकले. उत्तरेश्वर निवृत्त झाले तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी मला तिथून उचलले आणि वाघोलीला घरी आणले.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. भरायचा दुपारी, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि रात्रपाळीचे वॉचमन मोकळे असतात तेव्हा. वाचायला शिकवायचे, बँकेत सही करायला, कामाच्या ठिकाणी लावलेल्या सूचना समजून घ्यायला शिकवायचे. मला त्यांनी समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. फळा बाजूला, मी मध्ये. मला हे फार आवडले.

तिथेच मैना आली. यवतमाळकडची, पन्नाशीला टेकलेली. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ती रुग्णांना जेवणाची ताटे पोहोचवायची. प्रत्येक ताटावर चिठ्ठी असे. कुणाला मीठ कमी, कुणाला साखर नको. तिला चिठ्ठी वाचता येत नव्हती, म्हणून ती दुसऱ्या बाईकडून ऐकून ध्यानात ठेवायची. एके दिवशी गडबड झाली आणि साखर वर्ज्य असलेल्या म्हाताऱ्या बाईंपुढे तिने शिऱ्याचे ताट ठेवले. नर्सने वेळेवर पाहिले म्हणून बरे. मैनाचे काम मात्र गेले. तिथल्या मॅडम एवढेच म्हणाल्या होत्या, "दिवाळीनंतर ये. चिठ्ठ्या वाचता आल्या तर घेईन."

पहिल्याच दिवशी मैनाने माझ्याकडे बोट केले आणि धडाधड वाचले, "स्वारगेट वाघोली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वर हसले. त्या क्षणापासून मैना माझी झाली. तिने फळ्याकडे पाहिले तरी मला खपत नसे.

आणि मग रुपाली आली. कंपनीत काम करणारी, शनिवारी शिकवायला येणारी हसरी मुलगी. तिचा मोबाइल कुठल्याही कागदासमोर धरला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा.

"मावशी, एकदम सिंपल आहे," रुपाली म्हणाली. "इथे टच करा, बास. तुमच्या फोनमध्येही टाकून देते."

मैना हरखली. बिस्किटाचा पुडा, विजेचे बिल, औषधाची बाटली, सगळ्यांसमोर ती फोन धरू लागली. एकदा तर तिने तो माझ्यासमोर धरला. भावनाशून्य आवाजात फोन म्हणाला, "स्वारगेट वाघोली." माझे नाव, माझ्या तोंडावर, त्याने घ्यावे! मी भिंतीवर जळत राहिले. मैनाने पाटी-पेन्सिल पिशवीतून काढणे बंद केले. उत्तरेश्वरांनी हटकले तर म्हणाली, "आता कायले शिकू जी? फोन वाचते ना."

दिवाळी झाली. मैना दवाखान्यात गेली आणि दुपारी परत आली ती रडतच.

"फोन बाहेर ठेवा लागते म्हणे. आन् दोन्ही हातात ताट, फोन धरू कशानं?" ती म्हणाली. "मॅडमनं आणखी एक महिना देल्ला."

खरे सांगते, मित्रांनो, मला आनंद झाला. फोन हरला होता. रुपालीचा चेहरा उतरला. ती मैनाजवळ बसली. "सॉरी मावशी. मी उगाच शॉर्टकट दिला. आपण तुम्हाला येतंय तिथून सुरू करू. पाटी तर तुम्ही छान वाचता. यातला 'ट' कुठला?"

मैना माझ्याकडे बघत राहिली. तिचे बोट 'घो'वर गेले, मग 'र'वर, मग खाली आले.

"मले अक्षरं नाही दिसत जी," ती हळूच म्हणाली. "अख्खी पाटी दिसते. पुण्यात आलो तवापासून हेच पाहून बसमधी चढत होतो. पोरीच्या तोंडासारखी वळखतो मी हिले."

मी इतके दिवस ज्या टाळ्या माझ्या म्हणून मिरवत होते, त्या खोट्या निघाल्या. फोनने तिला काही शिकवले नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही रुपाली आली. उत्तरेश्वरांनी मला खिळ्यावरून काढले. फडक्याने पुसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग करवत आणली.

"नका कापू जी!" मैना ओरडली. "माह्यापायी कायले तोडता? तुमच्या गाडीची हाय ते."

"बाई, सगळी मिळून फसवती ती तुम्हाला," उत्तरेश्वर म्हणाले. "सुटी-सुटी झाली की खरं बोलेल."

करवतीचा पहिला दात लागला तेव्हा मी सगळ्यांचा हेवा केला. फळ्याचा केला, खडूचा केला, टेबलावर अखंड बसलेल्या त्या मोबाइलचा तर सगळ्यात जास्त. उत्तरेश्वर कापत होते आणि डोळे पुसत होते. शेवटी टेबलावर स्वा, र, गे, ट, वा, घो, ली असे माझे तुकडे पडले. मला कुणीच ओळखले नसते. मैनानेही ओळखले नाही.

त्यांनी 'वा' आणि 'ट' शेजारी ठेवले. मैनाने 'वा'वर बोट ठेवले. रुपाली सांगायला पुढे झुकली, तर उत्तरेश्वरांनी हात आडवा केला. "थांबा. तिला म्हणू द्या."

"वा..." मैना म्हणाली. पुढे काही येईना. बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू झाली, निघून गेली. "वा... ट." तिने मान वर केली. "वाट? वाट हाय हे?"

"आहे," उत्तरेश्वर म्हणाले.

मग 'गे' आणि 'ली'. मग 'वा' आणि 'र'. मग मैनाने स्वतःच तुकडे ओढून 'वाटली' केले आणि तोंडावर पदर घेऊन हसली. काचेत होते तेव्हा मला दोनच नावे ठाऊक होती. त्या दुपारी मी किती शब्द झाले!

पण सुख टिकते कुठे? मैनाच्या चिठ्ठ्यांना लागणारी सगळी अक्षरे माझ्यात नव्हती. रुपालीने पुठ्ठ्याचे तुकडे कापून नवी अक्षरे केली. सा, ख, मी, ठ, क, न, को. पुठ्ठ्याची पोरे, पण त्यांचे लाड बघा! 'मीठ' झाले ते माझ्यावाचून. 'नको' झाले ते माझ्यावाचून. मी धुसफुसत होते. मग 'सा' आणि 'ख' येऊन थांबले आणि मैनाने माझा 'र' उचलून त्यांच्या शेजारी ठेवला. "साखर." पुठ्ठ्यांना मी तेव्हा नीट ऐकवले, मनातल्या मनात.

महिना संपला. मैना पुन्हा दवाखान्यात गेली. परत आल्यावर तिने जे सांगितले ते मी खोक्यातून कान देऊन ऐकले. एकामागून एक चिठ्ठ्या तिने वाचल्या, अडखळत, पण बरोबर. मागून कुणीतरी "लवकर आटपा" म्हणत होते. मग एक चिठ्ठी अशी आली की अक्षर गिचमिड होते. तिने खूप बघितले. जमेना. ताट तसेच हातात धरून ती मॅडमना म्हणाली, "हे मले लागत नाही जी. वाचून सांगा."

मॅडमनी वाचून सांगितले आणि म्हणाल्या, "त्या शिऱ्याच्या वेळी विचारलं नव्हतंस. आज विचारलंस. उद्यापासून ये."

मैना हे सांगताना रडत होती, रुपाली रडत होती. उत्तरेश्वर चष्मा पुसत पत्र्याकडे बघत होते.

आता मैना वर्गाला फारशी येत नाही. ती रोज चिठ्ठ्या वाचते. त्या एवढ्याशा कागदांचा मला किती हेवा वाटतो म्हणून सांगू! तिचे बोट त्यांच्याखालून फिरते, माझ्याखालून नाही. माझ्या तुकड्यांचेही आपसात पटत नाही. 'घो'ला फार शब्द मिळत नाहीत, म्हणून तो 'र'वर डूख धरून असतो. कडा झिजल्या आहेत, पिवळा रंग उडतो आहे. खोक्यात हात घालताना जरा जपून घाला, एवढे माझ्यासाठी करा.

आणि एक मागणे आहे, ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरी, इमारतीत, कामावर कुणीतरी मोठे माणूस एखादा कागद हातात घेऊन अडखळत उभे असेल. तुम्हाला तो झटकन वाचता येईल. पण तो त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. त्यांनी विचारले तर सांगा. नाही विचारले, तर शेजारी उभे राहा आणि गप्प राहा. तो शब्द त्यांच्या तोंडून येऊ द्या.