चांगल्या वाफ्यांतलं तण

टेलरकाकांची एक खोड होती. समोरच्याच्या खांद्यावर सुटा दोरा दिसला की बोलता बोलता त्यांचा हात तिकडे जाई. वय झालं तसं दुकान बंद करून ते मुलाकडे राहायला आले. दुकान मागे राहिलं, हात बरोबर आले.

सून चाऱ्याच्या संशोधन केंद्रावर होती. घरामागेच तिचे वाफे. कुठे नुसतं गवत, कुठे गवतात लसूणघास, कुठे त्यात आणखी चिकोरीचा रुंद पाला. कशाशेजारी काय पेरलं की तण किती माजतं, हे ती मोजायची आणि त्या आकड्यांवर संगणकात मॉडेल बसवायची. लोक तण उपटायचा पगार घेतात, आमची सूनबाई ते मोजायचा घेते, असं काका आल्या आल्याच म्हणाले होते. सून हसली होती. टोमणा पचवणारी माणसं काका जमेच्या बाजूला धरत. तिलाही त्यांनी तिथेच मांडलं.

रविवारी दुपारच्या चहाबरोबर तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर एक रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती. वाफ्यात जितक्या जास्त जाती, तितकं तण कमी. इतका फरक तिलाही अपेक्षित नव्हता. उद्या हे केंद्राच्या मोठ्या बाईंपुढे मांडायचं, मग गोठेवाल्यांना शिफारस जाणार, की मिश्रण पेरा आणि तणनाशक बंद करा. घरी दूध घालणाऱ्या गोठेवाल्याने तर ऐकूनच फवारायचा पंप विकायला काढला होता.

काकांनी पडद्यावरची नजर काढून खिडकीबाहेरच्या वाफ्यांकडे पाहिलं.

रोज सकाळी ते त्या वाफ्यांमधून फिरायला जात. तण दिसलं की वाकत, उपटत, बांधापलीकडे टाकत आणि सुनेचं काम हलकं केल्याच्या समाधानात घरी येऊन हात धूत. ती ज्याची मोजदाद करते तेच आपण उपटतोय, हे त्या वाकण्यात कधी डोक्यात शिरलंच नाही.

आता शिरलं, तेव्हा आधी त्यांनी स्वतःला सूट देऊन पाहिली. एवढ्या रानात म्हाताऱ्याच्या दोन मुठी, म्हणजे दर्यामें खसखस. तरी राहवेना.

"समजा एखादं जनावर आत शिरलं आणि थोडं तण खाऊन गेलं, तर तुझं मॉडेल काय म्हणेल?"

सगळीकडे सारखंच खाल्लं तर फारसं बिघडत नाही, तिने समजावलं. वाफ्यावाफ्यांतला फरक बराचसा तसाच राहतो. पण ठरावीक वाफ्यांतलंच निवडून खाल्लं तर घात. जनावराची करामत मिश्रणाच्या नावावर जमा होते.

"पण बाबा, चारा सोडून कुठलं जनावर तण निवडत बसेल?"

निवडून. काकांनी कप खाली ठेवला. नुसत्या गवताच्या वाफ्यांत तण इतकं बोकाळलेलं, की तिथे ते वाकलेच नव्हते. चिंध्यांचे दोरे कोण काढत बसतो? पण मिश्रणाचे ते गच्च हिरवे वाफे, त्यांतलं एकुलतं तण नव्या कोटावरच्या डागासारखं डोळ्यांत खुपायचं. त्यांनी उपटलं ते फक्त चांगल्यांतलं.

"ते जनावर मी आहे, सूनबाई."

ती हसली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून थांबली. कधीपासून, कुठल्या वाफ्यांत, एवढंच तिने विचारलं, तेही आवाज न चढवता. हिने भांडावं असं काकांना फार वाटलं. भांडलं की निदान थोडं फिटतं. तिने वाफ्यांचा नकाशा पडद्यावर आणला आणि काका बोट ठेवत गेले. काही वाफे पक्के आठवत होते. काही आठवेनात, आणि तिथे 'छे, इथे नाही' म्हणायला जीभ वळवळत होती. कोण तपासायला येणार होतं?

"इथलं आठवत नाही," ते म्हणाले.

तिने तेही वाफे वगळले आणि रेघ पुन्हा काढली. घसरगुंडी मोडली. जवळजवळ आडवी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रुंद, धूसर पट्टा.

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे काहीच सांगता येत नाही, बाबा. मिश्रण तण दाबत असेलही, नसेलही. परत पेरायचं, परत मोजायचं."

मग तिने मोठ्या बाईंना फोन लावला. काका खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. उद्याचं रद्द करावं लागेल, ती सांगत होती. वाफ्यांची राखण तिच्याकडे होती, तिच्याकडून हयगय झाली. नाही, बाहेरचं कुणी आत आलेलं नाही.

जन्मभर काकांनी चुकलेली बेतणी आकसलेल्या कापडाच्या माथी मारली होती, आणि गिऱ्हाइकं मुकाट ऐकून गेली होती. काकांची चूक न मागता कुणी आपल्या अंगावर घेतल्याचं त्यांना आठवेना. वाटलं, त्यापेक्षा हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं होतं.

ते टेबलाशी आले. सुनेने हातानेच बसा म्हणून खुणावलं. ते बसले नाहीत.

"फोन इकडे दे."

"बाबा, राहू द्या."

"बाहेरचं कुणी नव्हतं, हे खरंच आहे," काका म्हणाले. "घरातलं होतं, तेवढं मला सांगू दे."

पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तिने फोनवर तळवा धरला. काकांचा हात पुढे होता, तसाच राहिला.