पाच टायर, एकाच मापाचे

चिखलीच्या पंक्चरवाल्यानं टायरवरून अंगठा फिरवला आणि सांगून टाकलं, की ताई, यांच्यावर आता पावसाळा काढू नका. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी पार गेली होती. सुवर्णा इंगळेनं दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी खामगावच्या रस्त्याला लावली.

अठरा वर्षं ती आणि तिचा नवरा नागसेन या फोर बाय फोर व्हॅनमधून डोळे तपासत हिंडले होते. मागच्या भागात खुर्ची, अक्षरांचा तक्ता आणि काचांची पेटी. चष्म्याचा नंबर ती काढायची, गाडी तो चालवायचा. जिथं एसटी जात नाही आणि जीपवाले पावसात नाही म्हणतात, अशा घाटाखालच्या वाड्यांवर त्यांची गाडी जायची. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात नागसेन छातीत कसंसं होतंय म्हणून ओट्यावर टेकला, तो पुन्हा उठला नाही.

दिरानं गाडी विकायला सांगितलं. तिनं आधी एक ड्रायव्हर ठेवला, तो महिन्याभरात दुसरीकडे गेला. मग तिनंच किल्ली उचलली. लायसन तिच्याकडे होतं, पण स्टिअरिंग फार जड. नागसेन म्हणायचाच, तुले नाही झेपनार, आणि तिनं ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. आता संध्याकाळी उजवा खांदा भरून यायचा. तेल लावायची, पण स्वतःच्या खांद्यामागं स्वतःचा हात पोचत नाही, हे तिला या वर्षात कळलं होतं. अवघड वाटेच्या वाड्या तिनं सोडूनच दिल्या होत्या.

खामगावच्या दुकानात गजेंद्र नावाचा माणूस होता. गाडीमालक नाही आले का, असं त्यानं विचारलं. मीच, असं ती म्हणाली, तरी तो बराच वेळ शेजारी उभ्या ट्रकवाल्याकडे बघूनच बोलत राहिला. टायरवरचा नंबर त्यानं वाचला, २३५. हाच घ्या, चिखलात दमदार असतो, गाडी उंच दिसते. मागचे दोनच बदला, पुढचे अजून वर्षभर जातील.

सुवर्णानं स्टेपनी खाली काढायला लावली. तिच्यावर २१५ लिहिलेलं होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी होती, तिच्यावरही २१५च. म्हणजे मोठे टायर नंतर कुणीतरी बसवले होते.

"कोनं बसवले?" गजेंद्रनं विचारलं.

"आमच्या घरच्यांनी."

आता त्यानं नीट समजावलं. हा आकडा टायरच्या रुंदीचा. रुंदी वाढली की या टायरची उंचीही वाढते, गाडी बोटभर वर उचलली जाते. पण स्टिअरिंग जड होतं आणि पूर्ण वळणावर चाक आत घासतं. त्यानं चाक वळवून दाखवलं. मडगार्डच्या आतला पत्रा एका जागी घासून आरशासारखा चकचकीत झाला होता.

सुवर्णा त्या पत्र्याकडे बघत राहिली. घाटाच्या प्रत्येक वळणावर खर्र असा आवाज यायचा. तिनं एकदा विचारलं होतं, तर नागसेन हसून म्हणाला होता, गाडी म्हातारी झाली, कुरकुर करते. ते तिनं इतकी वर्षं खरं धरलं होतं. आता त्याला विचारायचं होतं, की काऊन नाही सांगितलं. दुकानासमोरच्या बाकावर ती चहाचा कप हातात धरून बसली आणि चहावर साय आली तरी तशीच होती.

मग तिला आठवलं. जुन्या पेशंट अंबूबाईच्या वाडीच्या नाल्यात गाडी पोटावर टेकली होती आणि दोन बैलजोड्या लावून बाहेर काढावी लागली होती. सगळी वाडी हसली होती. पुढच्याच आठवड्यात नागसेन नवे टायर बसवून आला होता. त्याच्या दंडात ताकद होती, त्याला ते स्टिअरिंग कधी जड वाटलंच नसेल.

ती उठली. पर्समधून सुतळी काढून तिनं स्टेपनीभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि तीच सुतळी मागच्या टायरला लावून पाहिली. झिजलेल्या टायरलाही ती चार बोटं अपुरी पडली. नव्याला आणखीच अपुरी पडली असती, म्हणजे नवा आणि झिजलेला टायरही एका घेराचा नाही.

"दोन नवे अन् दोन जुने नाही चालनार," ती म्हणाली. "चारही चाकं जोडून चालवतो मी गाडी. एक चाक जास्त फिरन, एक कमी. पक्क्या रस्त्यावर गिअर तुटतीन."

गजेंद्रनं ट्रकवाल्याकडे बघणं सोडलं. मग पाचही २३५चेच घ्या, असं त्याचं म्हणणं पडलं. लहान टायरवर गाडी नाल्यात टेकेल.

"टेकू द्या. चालवनारे गेले, भाऊ. आता गाडी मीच चालवतो. माह्या हाताले झेपन असं माप धरा."

त्यानं पाचही टायर २१५चे काढून ठेवले.

जुने टायर रिमवरून निघाले, तेव्हा आतल्या अंगाला पांढऱ्या रंगात एक तारीख दिसली. बसवल्याचा दिवस. इंग्रजी चारचा आकडा नागसेन वरून उघडा काढायचा, तसाच होता. सुवर्णानं पदरानं त्यावरची माती पुसली. गजेंद्रनं टायर गाडीत टाकू का म्हणून विचारलं. ठेवायला जागा नाही, असं तिनं सांगितलं.

परतताना स्टिअरिंग दोन बोटांनी वळत होतं. घाटात पहिलं वळण आलं, दुसरं आलं. तिनं काच खाली केली, वेग कमी केला आणि कान दिला. काहीच आवाज नव्हता. एवढी मुकी गाडी तिला ओळखीची वाटेना, म्हणून तिनं रेडिओ लावला, आणि थोड्या वेळानं बंदही केला.

पुढच्या बुधवारी ती अंबूबाईच्या वाडीला निघाली. नाल्याच्या काठावर गाडी थांबवून आधी पायी खाली उतरली, दगड कुठं आहेत ते पाहून आली. मग चारही चाकं जोडून हलक्या गिअरमध्ये गाडी घातली. एका ठिकाणी पोटाला दगड लागल्याचा धप्प आवाज झाला. ती घाबरली, पण पाय उचलला नाही. गाडी वर आली.

अंबूबाई काठी टेकत आली आणि गाडीच्या दुसऱ्या दाराकडे बघत उभी राहिली.

"नागसेन कुठी हाय?"

वर्ष होत आलं होतं. वाडीला कुणी कळवलंच नव्हतं. सुवर्णानं सांगितलं. अंबूबाई खाली बसली, बराच वेळ मातीवर हात फिरवत राहिली.

"मंग तू एकलीच आली?"

"हाव."

त्या दिवशी अकरा जणांचे डोळे तपासून झाले. अंबूबाईच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढला होता. माणसं पांगल्यावर सुवर्णानं दाराच्या पायरीवर बसून डबा उघडला. सवयीनं भाकरी चार आणल्या होत्या. दोन खाल्ल्या, उरलेल्या फडक्यात बांधून अंबूबाईच्या हातात दिल्या. म्हातारी भाकरी घेऊन शेळ्यांमागं निघून गेली. ऊन अजून कडक होतं आणि घरी लवकर पोचण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून सुवर्णा काचांची पेटी मांडीवर घेऊन एकेक काच पुसत बसली.