सतरावं तोंड

मी संगणकांच्या जाळ्यातला एक जुना स्विच आहे, मित्रांनो. ओमदुरमान शहरातल्या एका इस्पितळात, जिन्याखालच्या कोनाड्यात, चोवीस तोंडं वासून बसलो आहे. कॅमेरे, संगणक, सगळ्यांच्या वायरी माझ्यातच येतात. लोक मला मुकी पेटी समजतात, पण कुणी कुणाशी बोलायचं ते माझ्याच हातात असतं. प्रत्येक तोंडाला एक आकडा दिलेला असतो. सारख्या आकड्याची तोंडं आपसांत बोलतात. वेगळ्या आकड्यांची तोंडं शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. जाणकार याला व्हीलॅन म्हणतात.

हे आकडे इस्पितळाचे म्हातारे तंत्रज्ञ मुतवक्किल देत असत. माणूस गुणी, पण एक खोड वाईट. आकडे बदलायचे आणि पक्के करायचं विसरायचे. मग वीज गेली की मीही नवं सगळं विसरायचो आणि इस्पितळभर बोंब व्हायची. डॉक्टर इंतिसार चिडायची, "काका, तुमचं हे 'करतो नंतर' एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल!"

शहरात लढाई पेटली. बंदूकवाले इस्पितळात घुसले आणि त्यांनी दोन जखमींना खाटेवरच गोळ्या घातल्या. उरलेल्या अकरा जणांना इंतिसारने तळघरातल्या औषधकोठीत लपवलं. कोठीतला कॅमेरा माझ्या सतराव्या तोंडावर होता. तिसऱ्या तोंडावर पहाऱ्याच्या खोलीतला पडदा, आणि त्याच्यासमोर आता बंदूकवाले ठाण मांडणार होते. कॅमेरा उपटला असता, तर इंतिसारला जखमींवर नजर ठेवता आली नसती. सारखं खाली जावं, तर संशय. म्हणून मुतवक्किलनी सतरावं तोंड आणि तिच्या संगणकाचं नववं तोंड, या दोघांनाच नव्वद आकडा दिला. पडद्यावरचा एक चौकोन काळा झाला. पक्कं करायचं मात्र राहिलंच, कारण तेवढ्यात त्यांच्या पाठीत लाथ बसली.

"काय रे म्हाताऱ्या, एक चित्र काळं का?" बंदूकवाल्यांचा म्होरक्या तिराब गुरकावला.

"कॅमेरा मेलाय."

"मेलाय? माझ्या मेव्हण्याचं इंटरनेटचं दुकान होतं. बंद करून चालू केलं की मेलेलंही उठतं!"

त्याने बंदुकीच्या दस्त्याने मुतवक्किलच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं. मग त्याने माझी वायर धरली. मी हादरलो. आता मी विसरणार आणि अकरा माणसं पडद्यावर दिसणार.

"थांब, बाबा," मुतवक्किल कण्हले. "असं उपटलंस तर उरलेली चित्रंही जातील. दोन शब्द लिहू दे."

"लिही की. डाव्या हाताने लिही, बघू तरी गंमत."

रक्त गाळत त्यांनी मला जोडलेल्या संगणकावर 'पक्कं कर' हे दोन शब्द लिहिले आणि मी सगळं पोटात पक्कं केलं. तिराबने वायर उपटली, पुन्हा लावली. जागा व्हायला मला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो त्यांच्या बरगड्यांत लाथा घालत होता.

"अजून काळंच आहे!" पहाऱ्याच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे तूही मेव्हण्यासारखाच बिनकामाचा," तिराब म्हणाला आणि त्याने गोळी झाडली. ती मुतवक्किलच्या गळ्यातून आरपार माझ्यात घुसली. माझी शेवटची चार तोंडं गेली. मुतवक्किल माझ्यासमोरच पडले. मला ओरडताही आलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी बंदूकवाले निघून गेले. अकराही जण जिवंत वर आले.

परवा नवा इंजिनियर आला. "डॉक्टर, हा जुना झालाय. सगळं पुसून कोरा करतो."

"हात लावून बघ, बोटं मोडीन तुझी!" इंतिसार किंचाळली. स्वतःच्याच शब्दांनी दचकली आणि तिथेच बसून रडली.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा. आणि केलेलं काम पक्कं करायला उद्याची वाट बघू नका. माझं सतरावं तोंड अजून नव्वदातच आहे. कोठीत आता कुणी नसतं. तरी इंतिसार रोज सकाळी आपल्या संगणकावरून तिथे एकदा डोकावते, आणि मी ती रिकामी कोठी फक्त तिलाच दाखवतो.